श्रीलंकेतून फौज परत आणली ते बरोबर झालं का? घरातला माणूस तिथे होता, म्हणून विचारतोय

चोपड्याचा केळीवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या मुलाच्या भाषणावरून निघाला, पण उत्तर मला हवंय.

मुलगा पुण्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेला त्यांना विषय मिळालाय, 'लोकांना नको असलेल्या परदेशी युद्धातून सैन्य मागे घेणे: पराभव की शहाणपण?' दिवाळीत घरी आला तेव्हा ओट्यावर बसून त्याने भाषण वाचून दाखवलं. व्हिएतनाम, १९७३चा पॅरिसचा करार, दोन वर्षांनी सायगाव पडलं ते. मग अफगाणिस्तान, दोह्याचा करार, १५ ऑगस्ट २०२१ला काबूल तालिबानच्या हातात गेलं, विमानाला लटकलेली माणसं. मेहनत केली होती पोराने. माझे काका खाटेवर बसून सुपारी कातरत होते. भाषण संपलं तसं त्यांनी एवढंच विचारलं, "आन आम्हनं काय?"

पोराला कळेना. "कुठलं, आबा?" म्हणाला. काकांनी अडकित्ता खाली ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेले. जेवणं झाल्यावर आले.

काका १९८२ साली फौजेत गेले. चोपड्याहून एसटीने जळगाव, तिथून भुसावळ, इटारसी, बीना करत सागरला महार रेजिमेंटच्या सेंटरवर. आमच्या वस्तीतून त्या वर्षी दोघं भरती झाले होते. ऑक्टोबर १९८७मध्ये त्यांची दिवाळीची सुट्टी रद्द झाली आणि त्यानंतर जी पत्रं यायची त्यांच्यावर गावाचं नाव नसायचं, फक्त एपीओचा नंबर. आजी ते पत्र घेऊन पोस्टमनच्या मागे मागे जायची. "हाई गाव कथा शे, भाऊ?" म्हणून विचारायची. तो बिचारा सांगायचा, आजी, हे गाव नाही, हा फौजेचा नंबर आहे. दुसऱ्या पत्राच्या वेळी ती पुन्हा विचारायची.

१९९०च्या एप्रिलमध्ये काका लांब सुट्टीवर आले. मी अकरा वर्षांचा होतो. तेव्हा ठिबक कुठलं, केळीला पाटाने पाणी, आणि लाइट रात्रीची. आजोबा म्हणाले, "बारा वाजता लाइट यी, पानी भरी ये." काका निघाले. मी हट्टाने मागे लागलो. त्यांच्या खांद्यावर फावडं, माझ्या हातात बॅटरी.

बांधावर पोहोचलो आणि काका थांबले. बॅटरी माझ्या हातातून घेतली, विझवली, आणि मला खांद्याला धरून खाली बसवलं. मोटार सुरू होती, पाटात पाणी आलेलं, पहिल्या सरीत वळवायला फक्त दहा पावलं आत जायचं होतं. काका ऐकत बसले. बराच वेळ. मग पुढे वाकले आणि हाताचा पंजा जमिनीलगत धरून, बोटं पसरून, गवतातून असा हळूहळू पुढे नेऊ लागले, जणू अंधारात सुई शोधतायत. एक पाऊल टाकलं, पुन्हा वाकले, पुन्हा बोटं फिरवली. मला वाटलं काही हरवलं. मी विचारलं तर तोंडावर हात ठेवला माझ्या. तो हात ओला होता, घामाने.

ते आत गेलेच नाहीत. पाट फुटला आणि सगळं पाणी शेजाऱ्याच्या भुईमुगात गेलं. पहाटे आजोबा आले, त्यांनी पाणी पाहिलं, बांधावर बसलेल्या आम्हा दोघांना पाहिलं. आजोबा तोंडाचे फार कडक. पण त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसापासून रात्रीच्या पाण्याला ते स्वतः जायचे, मरेपर्यंत. काका १९९९ला पेन्शनीत आले. दिवसा ते केळीत माझ्यापेक्षा जास्त राबतात, पिलं काढतात, घडाला टेकू देतात. अंधार पडल्यावर मात्र बांध ओलांडत नाहीत. आता बासष्ट वय आहे.

वडील असताना घरात या विषयावर दोनच वाक्यं ऐकली. वडील म्हणायचे, सरकारने काम अर्धवट टाकून फौज परत आणली, पोरांचं रक्त वाया घालवलं. आई म्हणायची, आणली तेच बरं, अजून आधी आणायला पाहिजे होती. काका दोन्ही वेळेला गप्प. तुम्हीच सांगा, कोणाचं खरं? पोराने भाषणात काय म्हणावं? इथे कोणी तिथे जाऊन आलेलं असेल तर जरूर लिहा.


शिरपूरचा फौजी

केळीवाले भाऊ, तुमच्या काकांना माझा जय हिंद सांगा.

मी इंजिनिअर्सचा, हवालदार म्हणून रिटायर झालो. तुमचे काका गवतात बोटं का फिरवत होते ते मी सांगतो. ते तार शोधत होते. पायाला लागली की सुरुंग उडणारी तार. रात्री डोळ्यांना दिसत नाही, बोटाच्या मागच्या कातडीला पहिल्यांदा समजते. ही गोष्ट आम्हीच पायदळाच्या पोरांना शिकवली होती, त्यामुळे वाचताना मला फार जड गेलं.

आमचं काम रोज सकाळी रस्ता उघडायचं. गाड्यांचा ताफा निघायच्या आधी चालत पुढे जायचं, प्रत्येक मोरी बघायची. मोरीखाली ड्रम भरून बारूद पुरलेलं असायचं, वर डांबर पहिल्यासारखं. तारेचं दुसरं टोक धरून लांब ताडाच्या झाडीत एखादा पोरगा बसलेला. सोळा-सतरा वर्षांचा, गळ्यात सायनाइडची कुपी. आपल्याकडे नकाशे जुने, तमिळ बोलणारा माणूस प्रत्येक तुकडीत नाही, हातात एसएलआर आणि समोरच्याच्या हातात एके-४७. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यातल्या कितीतरी जणांना १९८३नंतर आपल्याच देशात ट्रेनिंग मिळालेलं.

एक गोष्ट मुलाला नक्की सांगा. आम्ही लढायला गेलोच नव्हतो. २९ जुलै १९८७ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांची करारावर सही झाली आणि दुसऱ्या दिवशी आपली पहिली विमानं जाफन्याजवळ पलालीला उतरली. काम काय, तर श्रीलंकेचं सरकार आणि वेगळ्या तमिळ देशासाठी लढणारे वाघ, म्हणजे एलटीटीई, या दोन्ही बाजूंना गप्प बसवायचं आणि वाघांची शस्त्रं जमा करून घ्यायची. शांतिसेना नाव होतं. तिथल्या तमिळ बायकांनी सुरुवातीला हार घातले, पाणी आणून दिलं. ऑक्टोबरमध्ये त्याच गावांतून आमच्यावर गोळ्या येत होत्या. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या १३ सिख लाइट इन्फंट्रीच्या तीस जवानांपैकी एकोणतीस तिथेच संपले. तुमच्या काकांच्या रेजिमेंटचे, ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, २५ नोव्हेंबरला छातीत गोळी लागलेली असताना लढले आणि गेले. त्या सगळ्या मोहिमेतलं परमवीर चक्र त्यांचं एकट्याचं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: परत आणलं ते बरोबर. मी शेवटपर्यंत होतो. १९८९च्या सप्टेंबरनंतर आम्हाला स्वतःहून हल्ला करायचा नाही असा हुकूम होता, पण रस्ता रोज उघडायचाच होता. जाणार हे सगळ्या जगाला माहीत, तारखांची चर्चा पेपरात, आणि आम्ही अजून मोऱ्या बघतोय. 'आता कशासाठी मरायचं' हे पोरं तोंडाने बोलत नव्हती पण पाऊल टाकताना दिसायचं. फौज काढायची ठरली की झपाट्याने काढावी. बोलण्यात गेलेले महिने जवानाच्या अंगावरून जातात.

२४ मार्च १९९०ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासला बोटी लागल्या तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आले नाहीत. तमिळांवर गोळ्या झाडून आलेल्या फौजेचं स्वागत करणार नाही, ही त्यांची भूमिका होती. तेव्हा मला राग आला होता. अजून आहे. आम्ही स्वतःच्या मर्जीने गेलो नव्हतो, स्वतःच्या मर्जीने आलोही नव्हतो.


पांझराकाठ

मी धुळ्यात छत्तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. फौजी दादांनी जमिनीवरचं लिहिलं, मी वादाची बाजू लिहितो, कारण मुलाला भाषणात तीच लागेल.

पहिली गोष्ट, हा वाद एका देशात नव्हता, तीन ठिकाणी एकाच वेळी चालू होता. कोलंबोत, दिल्लीत आणि मद्रासमध्ये. आणि तिन्हीकडे लोकांना ही फौज नको होती, कारणं मात्र एकमेकांच्या उलट.

कोलंबोत सिंहली लोकांना वाटत होतं की भारताने आपला देश गिळला. करारावर सही झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना एका सिंहली नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता चालवला, तो फोटो जगभर गेला. जनता विमुक्ती पेरामुना या डाव्या सिंहली पक्षाने दक्षिणेत याच मुद्द्यावर रान पेटवलं. रणसिंघे प्रेमदासा तेव्हा पंतप्रधान होते आणि त्यांचा कराराला पहिल्यापासून विरोध होता. ते जानेवारी १९८९मध्ये अध्यक्ष झाले आणि १ जूनला जाहीर सांगून टाकलं, २९ जुलैपर्यंत भारतीय फौजेने निघून जावं.

राजीव गांधींचं म्हणणं असं की करार दोन देशांमधला आहे. तमिळ प्रांतांना अधिकार देण्याचं तुमचं आश्वासन पुरं झालं की फौज निघेल, दोन्ही गोष्टींचं वेळापत्रक एकत्र ठरवू. याच्यात तथ्य होतं. पण मी वर्गात पोरांना विचारायचो, ज्याने घरी बोलावलं तोच आता निघा म्हणतोय, तर तुम्ही कोणत्या अधिकाराने बसता? दुसऱ्याच्या भूमीवर आपलं सैन्य त्या देशाच्या संमतीवर उभं असतं. संमती गेली की शांतिसेना आणि कब्जा करणारी सेना यांत काय फरक उरतो? मला आजही वाटतं, त्या जूनमध्येच वाद संपायला हवा होता. तो लांबला आणि १८ सप्टेंबरला समझोता झाला. मग नोव्हेंबरच्या निवडणुका, विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान, आणि त्यांच्या सरकारने माघार पूर्ण केली. त्या निवडणुकीत बोफोर्स गाजत होतं. हजारो जवान अजून समुद्रापार होते, आणि मी धुळ्यात ऐकलेल्या एकाही सभेत कोणी त्यांच्याबद्दल बोललं नाही.

आता मला खरं टोचणारं लिहितो. आपण 'परत आणलं ते बरोबर की चूक' यावर भांडतो. पाठवायच्या आधी कोणी भांडलं का? २९ला सही, ३०ला विमानं. संसदेत बोलणं झालं ते नंतर. आपल्या देशात फौज बाहेर पाठवायला संसदेचं मत घ्यावं लागत नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही. बांगलादेशच्या वेळी निदान गोष्ट स्वच्छ होती. डिसेंबर १९७१मध्ये लढाई संपली, मार्च १९७२च्या मध्यापर्यंत आपली फौज ढाक्याहून परतली. कशासाठी गेलो ते माहीत होतं, त्यामुळे कधी परतायचं तेही माहीत होतं. श्रीलंकेत आधी शस्त्रं गोळा करायला, मग वाघांना मोडायला, मग प्रांताच्या निवडणुका घ्यायला, मग निवडून आलेल्यांना सांभाळायला. दर सहा महिन्यांनी कारण बदललं. अमेरिकेचं अफगाणिस्तानात हेच झालं, फक्त वीस वर्षं चाललं. मुलाने हा धागा पकडावा.


भुसावळ जंक्शन

सगळे 'बरोबर झालं' म्हणतायत म्हणून दुसरी बाजू लिहितो. माझे वडील वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, घरात काडतुसांच्या पेट्यांचं बोलणं असायचं, त्यामुळे हा विषय माझ्याही घरचा आहे.

आपण निघालो तेव्हा आपल्या भरवशावर उभी राहिलेली माणसं मागे राहिली. १९८८च्या शेवटी उत्तर-पूर्व प्रांताची निवडणूक आपल्या फौजेच्या पहाऱ्यात झाली, वरदराज पेरुमाळ मुख्यमंत्री झाले. त्यांच्या बाजूने लढायला तमिळ नॅशनल आर्मी नावाची फौज उभी केली, त्यात कितीतरी पोरं घरातून ओढून भरती केलेली. आपण मार्चमध्ये निघालो, पेरुमाळ भारतात पळून आले, आणि ती पोरं? वाघांनी वेचून वेचून मारली. जूनमध्ये पूर्वेच्या ठाण्यांमधले शेकडो श्रीलंकन पोलीस शरण आलेले असताना मारले. त्याच जूनमध्ये पेरुमाळांच्या पक्षाचे नेते पद्मनाभा यांना मद्रासमध्ये, आपल्या शहरात, गोळ्या घातल्या. २१ मे १९९१ला श्रीपेरुंबुदूरला वाघांनी राजीव गांधींची हत्या केली. राजीव गांधी परत सत्तेवर आले तर फौज पुन्हा पाठवतील, ही भीती त्या कटामागे होती हे खटल्यात पुढे आलंच. ज्या प्रेमदासांना आपण नकोसे झालो होतो, त्यांनीच वाघांना शस्त्रं पुरवली होती, आणि १ मे १९९३ला वाघांनी त्यांनाही उडवलं. युद्ध संपायला मे २००९ उजाडलं.

शिरपूरच्या दादांचा राग मला कळतो. पण केळीवाल्या भाऊंचे वडील म्हणायचे की काम अर्धवट टाकलं, त्यातही खोटं काय आहे? आपण गेलो नसतो तर वेगळी गोष्ट. गेल्यावर, लोकांना आपल्या बाजूला उभं केल्यावर, त्यांना उघड्यावर टाकून यायचं हे मला पटत नाही. काबूलच्या विमानतळावर जे विमानाला लटकले तेही असेच भरवशाचे लोक होते.


पांझराकाठ

भुसावळकर, तुमचा मुद्दा मला नाकारता येत नाही. त्या पोरांचं पाप आपल्या माथ्यावर आहे. पण त्याला उपाय 'आणखी राहणं' हा होता का? किती वर्षं? उपाय होता तो त्यांना भरती न करण्याचा. आणि निघताना त्यांना सोबत आणण्याचा. पेरुमाळांसाठी जागा झाली, साध्या पोरांसाठी झाली नाही.

आणि आपण बोलतोच आहोत तर हेही बोलू. ऑक्टोबर १९८७मध्ये जाफन्याच्या इस्पितळात आपल्या जवानांच्या गोळ्यांनी डॉक्टर, परिचारिका, खाटेवरचे रुग्ण मेले. तिथले लोक ते विसरलेले नाहीत. आपल्या जवानांवरच्या प्रेमापोटी आपण हे पान उलटून पुढे गेलो तर मुलाचं भाषण खोटं होईल.


शिरपूरचा फौजी

सर, मी तिथे नव्हतो, पण ऐकलं होतं. खरं आहे. लिहू दे मुलाला.


यावलची माहेरवाशीण

मी फारशी लिहीत नाही. हे वाचून राहवलं नाही.

माझा भाऊ नोव्हेंबर १९८७मध्ये गेला. तार आली, मग अस्थी आल्या, मग दीड महिन्याने त्याची काळी पेटी आली. झाकणावर पांढऱ्या रंगाने त्याचा नंबर आणि नाव. पेटीत गणवेश, दाढीचं सामान, आईने दिलेली गोधडी आणि एक अर्धं पत्र. 'भाऊबीजेला येता आलं नाही, तुझी ओवाळणी माझ्याकडे उधार' एवढं लिहून पुढे कागद कोरा. मी तेव्हा सतरा वर्षांची होते.

गावात लोक भेटायला यायचे आणि विचारायचे, कोणत्या लढाईत? पाकिस्तानशी तर लढाई नाही. चीनशी नाही. आई सांगायची, लंकेत. लोक रामायणातली लंका ऐकल्यासारखे बघायचे. पुढे १९९९ला कारगिल झालं. आमच्या तालुक्यातून एका जवानाची अंत्ययात्रा निघाली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, शाळेची पोरं, फुलं. आई मला घेऊन गेली होती. ती हात जोडून उभी राहिली, त्या आईसाठी रडली. घरी आल्यावर चुलीपुढे बसून म्हणाली, आपल्या पोराला एवढी माणसं का नाही आली गं? मला आजही याचं उत्तर नाही.

केळीवाले भाऊ, तुमच्या वडिलांच्या बोलण्याबद्दल मला सांगायचंय. 'आता परत आलो तर गेलेल्यांचं रक्त वाया जाईल' हे मी त्या दोन वर्षांत खूप ऐकलं. पेपरात वाचलं, पुढाऱ्यांच्या तोंडून ऐकलं, आमच्या दारात बसून पाहुण्यांनी सांगितलं. आमच्या घरी येऊन कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर आईने सांगितलं असतं, माझ्या पोराचं नाव घेऊन दुसरीच्या पोराला तिथे ठेवू नका. १९९०च्या मार्चमध्ये रेडिओवर शेवटची तुकडी निघाल्याची बातमी लागली तेव्हा आईने देव्हाऱ्यात दिवा लावला होता. स्वतःचं पोर गेलेलं असताना.

दिल्लीत राष्ट्रीय समर स्मारक २०१९ला झालं. तिथे श्रीलंकेत गेलेल्यांचीही नावं दगडावर कोरली आहेत. मी दोन वर्षांपूर्वी मुलीसोबत जाऊन आले. खूप नावं आहेत, सुमारे बाराशे जण तर एकट्या लंकेतलेच गेले. शोधायला अर्धा तास लागला. अक्षरांवरून बोट फिरवलं. दुपारची वेळ होती, दगड तापलेला होता. आई तेव्हा नव्हती, दोनच वर्षं आधी वारली. तिला न्यायचं राहून गेलं.

तुमचे काका आहेत. त्यांच्याजवळ बसा.


चोपड्याचा केळीवाला

ताई, तुमचं लिहिणं मी तीन वेळा वाचलं. माझे वडील असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं. मला वाटतं त्यांनी ते वाक्य पुन्हा उच्चारलं नसतं. भुसावळकर भाऊ, तुमचं म्हणणंही मी पोराला पाठवलंय, तो म्हणतो की विरुद्ध बाजूने कोणी असं बोललं तर मला उत्तर नाही. मी म्हटलं, नसू दे, ते मान्य करून बोल.

काल संध्याकाळी काकांना सगळं वाचून दाखवलं. सुरुवातीला ते उठून जातील अशी भीती होती, गेले नाहीत. तारेचं वाचलं तेव्हा मान हलवली. परमेश्वरन साहेबांचं नाव आलं तेव्हा सरळ होऊन बसले. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत काका छातीवर मेडलं लावतात, त्यात एक विदेश सेवा मेडल आहे. इतकी वर्षं मी ते बघतो पण 'विदेश' कुठला हे विचारलं नव्हतं. काल विचारलं. त्यांनी माझा मोबाइल मागून घेतला, नकाशा मोठा करायला सांगितला आणि वावुनियापासून वर जाफन्यापर्यंत रस्त्यावर बोट ठेवत गेले. इथे पाण्याची टाकी. इथे शाळा, त्यात आम्ही राहायचो. इथे विहीर, एक म्हातारी आम्हाला रोज बघून दार लावून घ्यायची, शेवटच्या महिन्यात तिने दार उघडं ठेवलं. मला वाटलं आता काही चांगलं सांगतील. तर म्हणाले, पुढच्या आठवड्यात ते घर जळालेलं होतं, कोणी जाळलं ते कळलं नाही.

परत बोलावलं ते बरोबर का, हे मी सरळच विचारलं. म्हणाले, "बरोबर. पण गावात कोणी तरी इचारायला पाहिजे होतं, काय पाह्यलं म्हणून." मग थोड्या वेळाने, पोराला पुढच्या रविवारी बोलाव म्हणाले. त्याने वही आणायची, मोबाइलमध्ये रेकॉर्ड करायचं नाही, ही अट.

आणि त्यांनी माझ्या सांगण्यातली एक चूक दाखवली. मी मुलाला सांगितलं होतं की काका तिकडच्या केळीच्या बागांमध्ये घाबरले म्हणून आपल्याकडच्या बागेत रात्री जात नाहीत. काका म्हणाले, "तसं नही. तठली केळ उच्ची व्हती." मग हाताने दाखवलं. तिथल्या लाल मातीतली झाडं डोक्याच्या खूप वर जायची, पानं वर, खाली नुसती खोडं. रात्री चांदणं असलं तर खोडांमधून लांबपर्यंत दिसायचं, कोणी हललं तर कळायचं. आपल्याकडे तेव्हा बसराई. बुटकी. पानं माणसाच्या तोंडाशी, दोन हातांपलीकडे दिसत नाही. म्हणाले, तिथे अडीच वर्षं काढली, पण त्या रात्री बांधावर उभा राहिलो तेव्हा वाटलं, यातून तर काहीच दिसत नाही, पोरगं सोबत आहे.

पस्तीस वर्षं मला वाटत होतं की त्या रात्री ते स्वतःसाठी थांबले होते.

आता आमच्याकडे बसराई नाही, पण पानं अजून खालीच येतात. आज सकाळी मी बांधाच्या बाजूच्या चार ओळींची खालची पानं कोयत्याने उतरवली. मोटारीच्या खोलीपासून व्हॉल्वपर्यंत आता सरळ दिसतं. काकांना काही बोललो नाही. दुपारी ते तिकडे जाऊन आले, परत येऊन म्हणाले, अजून दोन ओळी घे.